साडेआठ आणि अडीच

आमच्या घरात मिल्टन म्हणजे थर्मास. अण्णा वेधशाळेत नोकरीला असताना रात्रपाळीचा चहा त्यातून न्यायचे. एका बाजूला पोचा आलेला तो थर्मास अजून माळ्यावर आहे, कारण आई तो टाकू देत नाही. त्यामुळे २०२४च्या नवरात्रात, चौथ्या माळेच्या सकाळी, धाकट्या भावाचा टँपाहून फोन आला आणि तो म्हणाला, ‘‘अण्णा, आखातात एक उठलंय. मिल्टन नाव दिलंय,’’ तेव्हा आईला वाटलं, तो थर्मासचंच काहीतरी विचारतोय.

अण्णांना मात्र लगेच कळलं, हे वादळाचं नाव. त्यांनी चष्मा लावला आणि मला म्हणाले, ‘‘मोठा कागद आण.’’

भाऊ फ्लोरिडात राहतो त्याला आता बारा वर्षं झाली. दरवर्षी १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत आमच्या घरात एक जास्तीचा ऋतू असतो. इकडे मृग, आर्द्रा, पुनर्वसू चालू असतात आणि तिकडे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून एकेक लाट अटलांटिकवर उतरत असते. त्यातल्या बहुतेक लाटा हवेतल्या हवेत विरतात. एखादीला कोमट समुद्र मिळतो, वर-खालच्या वाऱ्यांचा फारसा विरोध होत नाही, आणि ती गिरकी घेते. सप्टेंबरच्या १० तारखेच्या आसपास हा हंगाम ऐन भरात असतो. म्हणजे गणपती आणि ती चिंता साधारण एकत्रच घरी येतात.

मिल्टन मात्र आफ्रिकेकडून चालत आलेलं नव्हतं. ते मेक्सिकोच्या आखाताच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यात तयार झालं आणि तिथून थेट पूर्वेला, फ्लोरिडाच्या दिशेनं निघालं. त्या बाजूची वादळं बहुधा मेक्सिकोत नाहीतर टेक्ससकडे जातात. हे उलट्या वाटेनं निघालं होतं. शिवाय जेमतेम दहा दिवसांपूर्वी, २६ सप्टेंबरला, हेलीन येऊन गेलं होतं. हेलीनचं केंद्र टँपाच्या कितीतरी वर, बिग बेंडच्या किनाऱ्यावर शिरलं, तरी टँपाच्या खाडीत पाणी असं चढलं की किनाऱ्यालगतच्या वस्त्यांमध्ये घराघरांत शिरलं. भावाचं घर आत आहे, त्याला पाणी लागलं नाही. पण त्याच्या ऑफिसातल्या लोकांचे भिजलेले सोफे, गाद्या, फ्रीज अजून रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलेले होते. ते उचलले जायच्या आतच दुसरं येत होतं. ‘‘वारा सुटला की हे सगळं उडणार,’’ भाऊ म्हणाला.

आता आमच्या वेळापत्रकाबद्दल सांगते, कारण पुढचे पाच दिवस आम्ही त्यावरच जगलो. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दर सहा तासांनी नवा अंदाज देतं. तिकडे पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. इकडे घड्याळ साडेनऊ तास पुढं. म्हणजे आपल्या दुपारी अडीचला, रात्री साडेआठला, मध्यरात्री उलटून अडीचला आणि सकाळी साडेआठला. दोनच वेळा, दोन-दोनदा. जमीन जवळ आली की मध्ये तीन तासांनी आणखी एक छोटी खबर येते.

सकाळचे साडेआठ हा आकडा अण्णांच्या रक्तात आहे. हवामानखात्यात दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडलेला पाऊस म्हणजे आजचा पाऊस. शिवाजीनगरला पर्जन्यमापकाचं भांडं तेव्हा मोजतात. जगभरच्या वेधशाळांनी पाळायच्या ठरलेल्या वेळा ग्रीनिचच्या घड्याळाच्या आहेत आणि ग्रीनिचचे पहाटेचे तीन म्हणजे आपले साडेआठ. मायामीचा रात्री अकराचा अंदाजही त्याच घटकेचा. हे मला अण्णांनी सांगेपर्यंत कधी लक्षात आलं नव्हतं. ते म्हणाले, ‘‘घड्याळं वेगळी असतात गं. निरीक्षणाची वेळ एकच.’’

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस नावाचा चौक आहे. रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की पुरे. पण पुण्यात सिमला कुठून आलं, असं विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. भारतीय हवामानखातं १८७५ साली स्थापन झालं. त्यामागे १८६४चं कलकत्त्याचं भयंकर वादळ होतं आणि त्यानंतरचे दुष्काळ होते. पुढं खात्याचं मुख्यालय सिमल्याला होतं आणि १९२८ साली ते पुण्यात आलं. लोकांनी नाव दिलं, सिमल्याचं ऑफिस. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथंच राहिलं. त्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीत अण्णांनी पस्तीस वर्षं काढली. मी लहान असताना कुणी विचारलं, बाबा काय करतात, तर मी सांगायची, ‘‘वारा लिहितात.’’

आणि ते खरंच वारा लिहायचे. देशभरातून तारेनं पाच-पाच आकड्यांचे गट यायचे. त्यात कुठल्या ठाण्यावर दाब किती, वारा कुठून, किती, ढग कुठले, सगळं असायचं. नकाशावर प्रत्येक ठाण्याच्या ठिपक्याभोवती ते बारीक अक्षरात भरायचं. वाऱ्यासाठी एक काडी, तिला वेगाप्रमाणे पिसं. मग सारख्या दाबाची ठिकाणं जोडत समदाब रेषा काढायच्या. रेषा जवळजवळ आल्या की वारा जोराचा. रेषा गोल मिटल्या की पोटात पाणी. जमिनीवर ठिपके दाट असायचे. समुद्रावर मात्र नकाशा कोराच. एखाद्या जहाजानं कळवलं तर एक ठिपका. त्या कोऱ्या भागातच वादळं जन्मतात, ही अण्णांची जुनी सल आहे. १९७७च्या नोव्हेंबरात आंध्रच्या दिवीसीमेवर जे वादळ चढलं आणि ज्यात दहा हजारांच्या घरात माणसं गेली, त्या आठवड्यात ते नकाशे भरत होते. त्याबद्दल ते बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते, ‘‘किनाऱ्यावरची ठाणी बोलायची थांबतात ना, तेव्हा कळतं.’’

म्हणून मायामीच्या नकाशाकडे पाहताना आमच्या दोघांच्या नजरेत फरक होता. मी मोबाइलवर पाहायची ती रेघ. पांढऱ्या निमुळत्या शंकूच्या मधोमध जाणारी, आखातातून निघून टँपाच्या खाडीत शिरणारी रेघ. त्या रेघेच्या टोकाला माझा भाऊ, वहिनी आणि अकरा वर्षांचा भाचा. मी सोमवारी दिवसभर बोटांनी नकाशा मोठा करकरून पाहत होते की रेघ त्यांच्या गल्लीच्या किती वर आहे, किती खाली.

अण्णांनी मोबाइल हातातून घेतला. ‘‘रेघ बघू नकोस. रेघ आम्ही काढायचो ती लोकांना काहीतरी धरायला हवं म्हणून. खरी गोष्ट ती नाही.’’ मग त्यांनी शंकू समजावला. गेल्या पाच वर्षांत यांचे अंदाज किती चुकले ते मोजतात, आणि त्यावरून वर्तुळं काढतात. एका दिवसापुढचं वर्तुळ लहान, दोन दिवसांपुढचं मोठं, पाच दिवसांपुढचं आणखी मोठं. ती सगळी वर्तुळं जोडली की शंकू. वादळाचं केंद्र तीनपैकी दोन वेळा शंकूच्या आत राहतं. ‘‘आणि तिसऱ्या वेळी?’’ मी विचारलं. ‘‘तिसऱ्या वेळी बाहेर. ते लिहिलेलंच असतं, कुणी वाचत नाही. दुसरं म्हणजे शंकू रुंदावतो तो आपल्या अज्ञानानं. वादळ तेवढं मोठं असतं असं नाही, लहान असतं असंही नाही. पाऊस, वारा, पाणी शंकूच्या बाहेरही पोचतं.’’

हे त्यांनी सांगितलं आणि मला त्या खात्याविषयी, तिकडच्या आणि इकडच्याही, फार आदर वाटला. आम्ही कितपत चुकतो हे नकाशावरच काढून दाखवणारी दुसरी माणसं मला माहीत नाहीत. अंदाजासोबत अंदाजकार एक टिपण लिहितो. खाली त्याचं आडनाव असतं. कुठलं गणित काय म्हणतंय, दोन गणितं कुठं भांडतायत, आपण मधला रस्ता का धरला, हे सगळं त्यात येतं. व्हॉट्सॲपवर नातेवाईक दुसऱ्याच कुठल्या वर्षीचे उडालेल्या पत्र्यांचे व्हिडिओ पाठवत होते. अण्णा ते टिपण वाचून घ्यायचे. मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे.

सोमवारी रात्री मी वाचलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. तिकडच्या रविवारी दुपारी नुकतं कुठं ते हरिकेन झालं होतं. चोवीस तास उलटायच्या आत, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ व्हायच्या सुमाराला, ते पाचव्या श्रेणीचं झालं. सगळ्यांत वरची श्रेणी. पुढं पहाटेपर्यंत वारा ताशी २८५ किलोमीटरच्या आसपास गेला आणि केंद्रातला दाब ९०० मिलिबारच्या खाली उतरला. समुद्रसपाटीला नेहमीचा दाब हजाराच्या थोडा वर असतो. पस्तीस वर्षं दाबाचे आकडे लिहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ‘‘परत वाच,’’ ते म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आत आई आरती म्हणत होती.

आखाताचं पाणी त्या दिवसांत नेहमीपेक्षा तापलेलं होतं. वादळ म्हणजे शेवटी कढई. पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर असलं की तळाला जाळ मिळतो. वाफ वर जाते, वर जाऊन तिचं पाणी होतं, पाणी होताना ती उष्णता सोडते, ती उष्णता आणखी हवा वर खेचते. मिल्टनचा डोळा तर इतका लहान होता की उपग्रहाच्या चित्रात टाचणीनं भोक पाडल्यासारखा दिसत होता. नाचणारी बाई हात आवळून घेते तेव्हा गिरकी कशी वाढते, तसं ते होतं.

त्या रात्री अडीचला मी उठले. नवरात्रात आमच्याकडे अखंड दिवा असतो. आईचे गुडघे गेल्यापासून रात्रीचं तेल घालायचं काम माझ्याकडे आहे. एरवी तीनचा गजर लावते, त्या आठवड्यात अडीचचा लावला होता. तेल घातलं, काजळी झाडली, मोबाइल उघडला. रेघ अजून टँपाच्या तोंडावरच. मी देवीसमोर हात जोडले आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘जरा खाली सरकू दे गं. थोडीशीच.’’

मागून अण्णांचा आवाज आला. तेही जागेच होते. ‘‘खाली कोण राहतं?’’

त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं. मी नकाशा खाली ओढला. ब्रॅडेंटन, सॅरासोटा, व्हेनिस, पुंटा गोर्डा. नावं वाचली. मग आम्ही दोघंही गप्प बसलो, कारण दोघांनाही एकच दिवस आठवत होता.

३ जून २०२०. टाळेबंदीचे दिवस. अरबी समुद्रात निसर्ग वादळ उठलं होतं. तेरा देशांनी मिळून केलेल्या नव्या यादीतलं पहिलंच नाव, बांगलादेशानं दिलेलं. आपल्या हवामानखात्यानं सांगितलं होतं, हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागच्या जवळ, दुपारी किनारा ओलांडेल. त्या पट्ट्याच्या मधोमध मुंबई. साहजिकच सगळ्या वाहिन्यांवर मुंबई. मरीन ड्राइव्ह, वरळी, वांद्र्याचा सेतू. माझी मावशी दादरला असते, म्हणून मीही मुंबईच पाहत होते. सकाळपासून एकच इच्छा, मुंबई टळू दे.

दुपारी आमच्या गच्चीवर वारा असा सुटला की पाण्याच्या टाकीचं झाकण उडालं. अण्णा तेव्हा ऐंशीचे होते, तरी जिना चढून वर आले. म्हणाले, ‘‘वाऱ्याकडे पाठ कर.’’ मी पाठ केली. ‘‘आता डावा हात पसर. तिकडं आहे ते.’’ उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो, हा बाइज बॅलट नावाच्या डच माणसाचा दीडशे वर्षांपूर्वीचा नियम. माझा डावा हात ताम्हिणीकडे होता. अण्णा हाताच्या रोखानं बघत म्हणाले, ‘‘हे अलिबाग नाही. खाली आहे. श्रीवर्धन असणार.’’

आणि खरंच ते श्रीवर्धन-दिवेआगरलाच चढलं. टीव्हीवर थोड्या वेळानं पट्टी आली, मुंबईवरचं संकट टळलं. मी मावशीला फोन केला. आम्ही दोघी ‘सुटलो गं’ म्हणालो. हा शब्द मी वापरला तेव्हा दिवेआगरला माझ्या आतेभावाच्या वाडीतल्या पोफळी कडाकड मोडत होत्या.

ते आम्हाला बारा दिवसांनी कळलं. तोवर तिकडं ना वीज, ना फोन. वादळानंतर दोन दिवसांनी वटपौर्णिमा आली तेव्हा पुण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्या अजून रस्त्यात होत्या, आणि आम्हाला दादाचा पत्ता लागत नव्हता. शेवटी तो माणगावला येऊन बोलला. ‘‘मामा, घर आहे. माणसं आहेत. वाडी नाही.’’ आजोबांच्या वेळच्या नारळी-पोफळी, आत पानवेली, मिरीचे वेल, काही म्हणता काही उरलं नव्हतं. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव सगळीकडे आहे. पण पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात. नारळालाही तेवढीच. वादळाला दोन-तीन तास लागले होते.

तेव्हा अण्णांनी कालनिर्णयाच्या पाठीमागे काढलेलं चित्र मी जपून ठेवलंय. किनारा उभा, समुद्र पश्चिमेला, वादळ समुद्रातून जमिनीवर येतंय. वारा घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणजे केंद्राच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि पाणी बाहेर ढकलतो. दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि पाणी आत लोटतो. शिवाय चालीचा वेग त्या उजव्या बाजूच्या वाऱ्यात मिळवला जातो. मुंबई उत्तरेला होती. दिवेआगर, श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात आणि दक्षिणेला.

मंगळवारी सकाळी अण्णांनी तोच कागद काढायला लावला. फ्लोरिडाचा पश्चिम किनारा, आखात पश्चिमेला, वादळ समुद्रातून येतंय. चित्र तेच होतं. केंद्र टँपाच्या उत्तरेनं गेलं तर खाडीत पाण्याची भिंत. दक्षिणेनं गेलं तर खाडीचं पाणी उलट ओसरेल आणि भिंत सॅरासोटाला. पंचवीस-तीस किलोमीटरचा फरक. आणि चोवीस तास आधीच्या अंदाजातही सरासरी चूक ४०-५० किलोमीटरची असते. म्हणजे कुणालाही सांगता येत नव्हतं. त्या टिपणात तसं वारंवार लिहिलेलं असायचं की नेमक्या रेघेवर विसंबू नका.

भावाचा भाग स्थलांतराच्या क्षेत्रात येत नव्हता. ती क्षेत्रं पाणी किती चढेल त्यावरून आखलेली असतात. पाण्यापासून पळायचं, वाऱ्यापासून लपायचं, असं तिकडं म्हणतात. त्याचं घर सिमेंटच्या ठोकळ्यांचं आहे. ते थांबले. खिडक्यांवर फळ्या ठोकल्या, न्हाणीघराचा टब पाण्यानं भरला. पेट्रोल संपलेलं होतं. उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग होती. वहिनीनं साबुदाणे भिजवण्याऐवजी सगळं पीठ मळून दशम्या करून ठेवल्या, कारण वीज जाणार हे नक्की होतं. तिचा नवरात्राचा उपास त्या दिवशी सुटला. आई फोनवर म्हणाली, ‘‘देवीला कळतं.’’

मंगळवारच्या एका गोष्टीबद्दल मला लिहायलाच हवं. वादळाच्या आत विमानं जातात. आतला दाब, वारा मोजायला नळकांड्यासारखी उपकरणं वरून सोडतात. छोटी छत्री लावलेलं ते नळकांडं खाली पडता पडता दर क्षणाचा दाब, तापमान, ओलावा, वारा कळवत जातं आणि समुद्रात बुडतं. आपल्याकडं वेधशाळा फुगा खालून वर सोडते, ते वरून खाली सोडतात, काम एकच. यातली काही विमानं फ्लोरिडातल्या लेकलंडच्या तळावरची. म्हणजे त्या वैमानिकांची घरंही त्याच शंकूत. तर त्या दिवशी एका विमानानं मिल्टनच्या डोळ्यात पीटर डॉज या शास्त्रज्ञाच्या अस्थी सोडल्या. आयुष्यभर वादळांचं रडार पाहिलेला माणूस, २०२३ साली वारलेला. जिवंतपणी तो ३८६ वेळा वादळाच्या डोळ्यात जाऊन आला होता. ही ३८७वी खेप. तशी नोंद त्यांनी त्या दिवशीच्या निरीक्षणाच्या तारेतच केली, दाब आणि वाऱ्याच्या आकड्यांच्या शेजारी.

अण्णांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘तारेत लिहिलं?’’ त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, ‘‘बरोबर केलं.’’

बुधवारची रात्र. म्हणजे तिकडं बुधवारची दुपार-संध्याकाळ. वर-खालच्या वाऱ्यांचा विरोध आता वाढला होता, वादळ थोडं ढिलं पडून तिसऱ्या श्रेणीवर येत होतं. रेघ सॅरासोटाकडे झुकली होती, पण डोळा शेवटच्या तासांत डुलतो, कधी इकडं, कधी तिकडं. टीव्ही लावला तर मध्यरात्रीच्या सुमाराला रतन टाटा गेल्याची बातमी. मग रात्रभर तेच. आई टीव्हीसमोर बसून रडत होती. तिच्या वडिलांनी टेल्कोत नोकरी केली होती. मी दोन्ही बाजूंना ये-जा करत होते, दिव्यापाशी, टीव्हीपाशी, मोबाइलपाशी.

पहाटे पाचला भावाचा फोन लागला. ते सगळे घराच्या मधल्या बिनखिडकीच्या खोलीत होते. मागं असा आवाज येत होता, जसा बोगद्यात गाडी शिरताना येतो, फक्त तो संपत नव्हता. अण्णांनी फोन घेतला. ‘‘वारा कुठून आहे?’’

‘‘अण्णा, कसं बघू?’’

‘‘फळ्यांच्या फटीतून बघ. झाड कुठं वाकलंय?’’

मध्ये खडखड झाली. मग भाच्याचा आवाज आला. तोच बघून आला होता. ‘‘आजोबा, आधी झाड ईस्टकडून वाकत होतं. आता नॉर्थ-ईस्टकडून.’’

अण्णांनी डोळे मिटले. बसल्या जागी त्यांनी डावा हात थोडा बाहेर काढला, जणू तेच तिथं उभे होते. ‘‘पूर्वेकडून ईशान्येला. म्हणजे केंद्र तुमच्या दक्षिणेनं जातंय. आग्नेयेकडं फिरला असता तर उत्तरेनं. आता आत बसा.’’ मग फोन तुटला.

सहा वाजता खबर आली. केंद्र सॅरासोटाजवळ, सिएस्टा की नावाच्या बेटावर चढलं. वारा ताशी १९५ किलोमीटरच्या घरात. टँपाच्या खाडीतलं पाणी वाढण्याऐवजी ओसरलं. अगदी त्या कालनिर्णयाच्या पाठीमागच्या चित्रासारखं.

माझ्या ओठांवर तो शब्द आला होता. मी तो गिळला. अण्णा विचारत होते, ‘‘सिएस्टा की म्हणजे केवढं? वस्ती किती?’’

पुढचे दोन दिवस त्यांनी थांबू दिलं नाही. मला वाटलं होतं, भावाचा निरोप आला की मोबाइल मिटून झोपायचं. निरोप सकाळी साडेआठच्या आत आला, सगळे ठीक, वीज नाही, कुंपण पडलं. पण अण्णा वाचायला लावत राहिले. व्हेनिस आणि मनसोटा कीला समुद्र घरांमधून गेला. सेंट पीटर्सबर्गला ४५० मिलिमीटरहून जास्त पाऊस. म्हणजे पुण्याच्या वर्षभरातल्या पावसाच्या निम्म्याहून जास्त, एका रात्रीत. तिथल्या बेसबॉलच्या स्टेडियमचं कापडी छत फाटून चिंध्या झालेलं. तीस लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात. आणि बरीच माणसं गेली ती कुठं, तर पार पलीकडच्या, पूर्व किनाऱ्यावर, सेंट लुसी भागात, वादळ जमिनीवर यायच्याही आधी बुधवारी दुपारी उठलेल्या टोर्नाडोंनी. रेघेपासून इतक्या लांब की मी त्या बाजूला एकदाही नकाशा सरकवला नव्हता.

अण्णांनी ती नावं त्यांच्या वहीत लिहिली. हवामानाची वही ते निवृत्तीनंतरही ठेवतात. गच्चीवर त्यांचं पर्जन्यमापक आहे, आता त्यांना जिना चढवत नाही म्हणून मी मोजून येते. त्या पानावर डाव्या बाजूला आमच्या गच्चीचा पाऊस आणि उजव्या बाजूला त्या गावांची नावं आहेत.

शनिवारी दसरा होता. सोनं वाटून झाल्यावर अण्णा म्हणाले, दिवेआगरला फोन लाव. दादाला नमस्कार-चमत्कार झाले. वाडीचं विचारलं. २०२०च्या पावसात लावलेल्या पोफळी आता डोक्याच्या वर गेल्यात. दोन झाडांना यंदा फुलोरा दिसतोय, पण अजून धरायला दोनेक वर्षं जातील, नारळाचं मात्र काही सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मग अण्णांनी त्याला भावाकडचं सांगितलं. वादळ टँपाच्या खालून गेलं, मंडळी सुखरूप आहेत, वीज यायला चार दिवस लागतील.

दादा ऐकत होता. मग त्यानं विचारलं, ‘‘झाडं किती गेली, मामा?’’

अण्णांना ते माहीत नव्हतं. मलाही नाही. पाच दिवसांत आम्ही दाब विचारला होता, वारा विचारला होता, पाणी विचारलं होतं. मी भावाला तसाच निरोप टाकला आणि खाली लिहिलं, दादा विचारतोय.

रात्री साडेआठला उत्तर आलं. त्याच्या गल्लीत ओकची पाच पडली होती, आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या बाईचं आंब्याचं एक, तिच्या नवऱ्यानं लावलेलं. अण्णांनी वही मागितली.